हिवाळी-उन्हाळी टायरचा दुसरा संच घरी कसा ठेवावा?

इझारकाठ (म्युनिक)

ईस्टर उलटलं की जर्मनीत टायर बदलायची गर्दी सुरू होते. इथला सोपा हिशेब ‘ओ ते ओ’ : ऑक्टोबर ते ओस्टर्न (ईस्टर) हिवाळी टायर, उरलेले महिने उन्हाळी. कायद्यात तारीख नाही. रस्त्यावर बर्फ, बर्फाचा चिखल किंवा गोठलेला ओलावा असेल तेव्हा हिवाळी टायर हवेतच, नाही तर ६० युरो दंड आणि चालकाच्या नोंदीत एक दंडगुण. १ ऑक्टोबर २०२४ पासून डोंगर-हिमकणाचं चिन्ह असलेलेच टायर हिवाळी धरले जातात, नुसतं ‘एम+एस’ (चिखल-बर्फ) पुरत नाही. म्हणजे बारमाही टायर नसतील तर प्रत्येक गाडीमागे एक जादा संच आलाच, आणि तो सहा महिने कुठे, कसा ठेवायचा हा प्रश्नही.

पैसे घेऊन गॅरेजवाले सांभाळतात. पण इमारतीच्या तळघरात आपला कप्पा असेल तर तिथे टायर उत्तम राहतात. यावर मराठीत एका जागी काही सापडत नाही, म्हणून हा धागा. मूळ पद्धत लिहितो, कॅनडातल्यांनी आणि भारतातल्यांनी भर घालावी.

पहिला प्रश्न : टायर रिमवर चढवलेला आहे की सुटा? दोघांचे नियम अगदी उलटे आहेत. रिमवरचा टायर आतल्या हवेने ताठ असतो. तो आडवा ठेवून एकावर एक रचा किंवा रिमला धरून टांगा, उभा ठेवू नका. सुटा टायर टांगला तर त्याचा काठ ओढला जाऊन वाकडा होतो, आणि तोच काठ पुढे रिमवर हवा धरतो. सुटे टायर रचले तर खालचा चपटतो. म्हणून सुटा टायर उभा ठेवायचा आणि महिन्यातून एकदा पाव फेरा फिरवायचा. जागाच नसेल आणि सुटे रचावेच लागले, तर चारच रचा आणि दर महिन्याला खालचा वर, वरचा खाली करा.

चाक गाडीवरून काढायच्या आधी त्यावर खूण करा, काढल्यावर नाही. चार चाकं जमिनीवर आली की कोणतं कुठलं होतं हे ओळखू येत नाही. टायरच्या नक्षीवर खडूने ‘पु.डा., पु.उ., मा.डा., मा.उ.’ लिहा. डावं-उजवं हे चालकाच्या जागेवर बसून पुढे पाहताना. खडू पुसला जातो म्हणून व्हॉल्व्हला दोऱ्याने चिठ्ठीही बांधा, तिच्यावर तारीख, किलोमीटर आणि नक्षीची खोली.

खोली मोजायचा गेज नसेल तर नाणी चालतात. १ युरोच्या नाण्याची सोनेरी कड ३ मिलिमीटर रुंद असते, २ युरोची चंदेरी कड ४ मिलिमीटर. कायद्याने किमान १.६ मिलिमीटर चालतं, पण हिवाळी टायर ४ मिलिमीटरच्या खाली गेला की बर्फात त्याचा उपयोग उरत नाही. ऑस्ट्रियाच्या डोंगरात जाणार असाल तर तिथे ४ मिलिमीटर ही कायद्याचीच अट आहे. वसंतात मोजून ठेवलं की ऑक्टोबरच्या गर्दीत नवे टायर शोधत फिरावं लागत नाही.

मग धुणं. साधं पाणी, सौम्य साबण, ब्रश. नक्षीत अडकलेले खडे बोथट स्क्रू-ड्रायव्हरने काढा. रिमची आतली बाजू नीट घासा, ब्रेकची धूळ तिथेच बसते. प्रेशर वॉशर वापरलात तर नोझल हातभर लांब धरा आणि टायरच्या भिंतीवर एकाच जागी झोत मारू नका. टायर चमकवणारं तेलकट पॉलिश ठेवणीपूर्वी अजिबात नको. नंतर पूर्ण वाळवा, निदान एक दिवस.

जागा थंड, कोरडी, अंधारी असावी. २५ अंशांच्या खाली तापमान राहिलं तर उत्तम. बॉयलरजवळ, हीटरच्या पाइपालगत, उन्हाच्या खिडकीखाली नको. जमिनीवर आधी लाकडी पॅलेट किंवा जाड पुठ्ठा, आणि दोन चाकांच्या मध्ये पुठ्ठा, म्हणजे अलॉय रिमवर ओरखडे पडत नाहीत. चारपेक्षा जास्त रचू नका.

बर्फाळवाट (ओंटारियो)

उत्तम धागा. इकडचे मुद्दे थोडे वेगळे आहेत.

क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे. ओंटारियोत सक्ती नाही, पण २०१६ पासून विमा कंपन्यांना हिवाळी टायरवर सवलत द्यावी लागते, म्हणून बहुतेक घरांत दुसरा संच असतोच. आणि बहुतेकांचा तो घराच्या गॅरेजमध्ये असतो, जिथे हिवाळ्यात उष्णता नसते. अडचण इथेच आहे.

हिवाळी टायरला थंड गॅरेज चालतं. ज्यांना सांभाळायचं ते उन्हाळी टायर, त्यातही वेगवान गाड्यांचे मऊ, चिकट रबराचे. त्यांच्यासाठी बऱ्याच कंपन्या उणे ७ अंशांच्या खाली ठेवू नका असं सांगतात. त्या थंडीत ते रबर काचेसारखं कडक होतं. नुसतं पडून असेल तर वाचतंही, पण हलवताना आपटलं, दाबलं गेलं किंवा त्यावर गाडी फिरवली तर नक्षीच्या ठोकळ्यांना तडे जातात, तुकडेही उडतात. असे टायर तळघरात आणा. चुकून गॅरेजमध्ये गोठलेच तर उचलापाचल न करता आधी उबेत येऊ द्या. ५ अंशांच्या वर पूर्ण एक दिवस गेला की मगच हात लावा.

तळघरातही जागा निवडावी लागते. आमच्याकडच्या तळघरात फर्नेस (घर तापवणारी भट्टी), पाणी उपसणारा सम्प पंप आणि डीप फ्रीझर एकाच कोपऱ्यात असतात. टायर त्या कोपऱ्यात ठेवू नका.

रस्त्यावरच्या मिठाचं वेगळं सांगते. इथे नुसतं मीठ नाही, खारवणीचं द्रावणही फवारतात. ते रिमच्या आतल्या कडेला, बॅलन्सिंगच्या वजनांखाली आणि बोल्टच्या भोकांत साचतं. तसंच ठेवलं तर ऑक्टोबरपर्यंत अलॉयवर पांढरे फोड आणि स्टीलवर गंजाचे पापुद्रे. गंज टायरच्या काठाखाली शिरला की तिथून हवा हळूहळू गळते आणि पंक्चर काही सापडत नाही. तेव्हा धुणं त्याच आठवड्यात करा, ‘उन्हाळ्यात बघू’ म्हणून ठेवू नका.

कार्बनब्लॅक

फर्नेस आणि पंपापासून लांब का, ते लिहितो. कारण कळलं की जागा आपली आपण निवडता येते.

टायरच्या रबराचा मोठा शत्रू ओझोन. विद्युत मोटारीच्या ब्रशच्या ठिणग्या, वेल्डिंग, जुने कॉम्प्रेसर, आयोनायझर लावलेले हवा शुद्ध करणारे यंत्र, यांतून तो थोडा थोडा बाहेर पडतो. रबराच्या लांब साखळ्यांत जे दुहेरी बंध असतात ते ओझोन तोडतो. पण तडा पडतो तो रबर ताणलेलं असेल तिथेच, आणि ताणाच्या आडव्या दिशेने. म्हणून जुन्या टायरवर चिरा भिंतीच्या फुगवट्यावर आणि नक्षीच्या खाचांच्या तळाशी आधी दिसतात.

कंपनी यासाठी रबरात मेण आणि ओझोनरोधक रसायन घालते. ती दोन्ही हळूहळू पृष्ठभागावर येऊन पातळ कवच धरतात. गाडी चालते, टायर मुडपतो, तसं आतलं मेण वर येत राहतं. पडून असलेल्या टायरमध्ये ही ये-जा मंदावते. म्हणजे रोज धावणाऱ्या टायरपेक्षा ठेवलेल्या टायरचं कवच आपण जास्त जपायला हवं. कवच काढून टाकणाऱ्या गोष्टी : पेट्रोल, डिझेल, थिनर, तेलकट पॉलिश, कडक डीग्रीझर. कवचावर तपकिरी छटा येते ती त्या रसायनाचीच. तो मळ नाही, घासून काढू नका.

आजच्या बऱ्याच पंख्यांत, पंपांत ब्रशच नसतात, त्यांचा ओझोन नगण्य. तरीही दोन-तीन मीटर अंतर राखायला काही खर्च येत नाही. पिशवीत बांधलेल्या टायरला तर बाहेरच्या हवेचा स्पर्शच कमी होतो.

केलर_नंबर_सात

मूळ लेखात एक बाब पटली नाही. रिमवरचा टायर उभा ठेवूच नये हे जरा कडक झालं. पुरेशी हवा असेल तर पाच महिने उभा राहिलेला टायर बिघडत नाही. गाडीखालीही तो उभाच असतो, आणि तेही चारशे किलो अंगावर घेऊन.

प्रश्न असा, की कप्पा १.२ मीटर रुंद आणि समोर सायकली. चार चाकं रचली तर किती उंची होते? आणि भिंतीवरचा रॅक पेलेल का?

इझारकाठ

बरोबर आहे तुमचं. ‘उभा ठेवू नका’ ऐवजी ‘आडवा ठेवणं बरं, उभा ठेवलात तर हवा पूर्ण भरा आणि मध्ये एकदा फिरवा’ असं वाचा.

मापं : २०५/५५ आर १६ चा व्यास ६३२ मिलिमीटर. भिंतीची उंची २०५ च्या ५५ टक्के म्हणजे ११३ मिलिमीटर, ती दोनदा, आणि मध्ये १६ इंच म्हणजे ४०६. रुंदी साधारण २१.५ सेंटिमीटर, म्हणजे चारांची रास ८५ ते ९० सेंटिमीटर. वजन रिमसह एकेक १६ ते १८ किलो. एसयूव्हीचं १८ इंची चाक २५ किलोच्या पुढे जातं.

जमिनीवर उभी नळी आणि तिला आडवे आधार, असं टायरचं ‘झाड’ दुकानात मिळतं. घेताना त्यावर टायरच्या रुंदीची मर्यादा पाहा. २२५ पर्यंतचं घेतलं आणि टायर २५५ चा असेल तर चौथं चाक बसत नाही. झाडाचा फायदा असा की एकाचं वजन दुसऱ्यावर पडत नाही आणि खालचंच चाक हवं असेल तर सगळी रास उचलावी लागत नाही.

बर्फाळवाट

भिंतीवरच्या रॅकचं गणित करूनच भोक पाडा. चार चाकं २५ किलोची, म्हणजे १०० किलो. ती भिंतीपासून सरासरी ३२ सेंटिमीटर पुढे असतात. रॅकच्या वरच्या आणि खालच्या स्क्रूंत ४० सेंटिमीटर अंतर असेल तर वरच्या स्क्रूंवर बाहेर ओढणारा जोर १०० × ३२ ÷ ४० = ८० किलो. दोन स्क्रू असतील तर एकेकावर ४०. शिवाय खाली ओढणारे १०० किलो आहेतच, आणि चाक टाकतानाचा धक्का वेगळा. निदान तिप्पट ताकदीची पकड धरा.

इकडच्या भिंती जिप्समच्या पत्र्याच्या. त्या पत्र्यातल्या प्लगवर एकही चाक टांगू नये. आतले लाकडी खांब साधारण १६ इंचांवर असतात, ते शोधून ८ मिलिमीटर जाड लाकडी स्क्रू किमान ५ सेंटिमीटर लाकडात जाईल असा लावा. दोन खांबांवर रॅकची भोकं जुळत नसतील तर आधी खांबांवर जाड फळी आडवी बसवा, रॅक फळीवर.

केलर_नंबर_सात

आमच्याकडे बाहेरची भिंत काँक्रीटची आहे, १० मिलिमीटरच्या प्लगला चालेल. आतले कप्पे लाकडी पट्ट्यांचे, त्यांना काहीच टांगणार नाही. आभार.

जर्मनीतल्या बाकीच्यांसाठी : तळमजल्याखालच्या मोठ्या सामाईक गॅरेजमध्ये गाडीशेजारी टायर ठेवण्याआधी इमारतीचा नियम वाचा. गॅरेजचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत आणि घरमालक त्याहून कडक अट घालू शकतो. आगीच्या दृष्टीने टायर हा जळाऊ माल धरला जातो.

तेराचा_पाना (नाशिक)

हवेचा मुद्दा कुणी काढला नाही. ठेवताना हवा वाढवायची की कमी करायची? दोन्ही सल्ले छापलेले दिसतात.

इझारकाठ

एडीएसी, म्हणजे इथला मोटारचालकांचा क्लब, सांगतो की रिमवरचं चाक ठेवण्यापूर्वी हवा अर्धा बार (बार हे दाबाचं माप) वाढवा. कारण सहा महिन्यांत थोडी आपोआप कमी होतेच. २.३ बार लागत असेल तर २.८ भरा.

कार्बनब्लॅक

आणि जपानी टायर कंपन्या रिमसह ठेवताना हवा निम्म्यावर आणायला सांगतात. कारण वर आलंच : ताणलेल्या रबरावर ओझोन लवकर काम करतो, हवा कमी तर ताण कमी. दोघंही चूक नाहीत. एक हवा कमी पडण्याची काळजी करतो, दुसरा ताणाची.

माझं मत असं. थंड तळघर, आडवी रास, पाच-सहा महिने : अर्धा बार वाढवा किंवा नेहमीचीच ठेवा, काही फरक पडत नाही. उष्ण जागा आणि मुक्काम वर्षभराचा किंवा जास्त : निम्मी करा, पण चाक आडवं किंवा टांगलेलं हवं, उभं नको. पूर्ण हवा मात्र कधीच काढू नका. काठ रिमवरून सुटला तर धूळ आत शिरते आणि साध्या पंपाने तो परत बसत नाही.

तेराचा_पाना

मग निम्म्या हवेच्या चाकाला लाल चिठ्ठी बांधा : ‘हवा भरल्याशिवाय लावू नये’. निम्म्या हवेवर गाडी चालली तर भिंत आतून भाजते, बाहेरून दिसत नाही, आणि महामार्गावर फुटते. नायट्रोजन भरलेला असो की साधी हवा, ठेवणीला सारखंच.

आता रिम आणि बोल्ट. टायर सगळेच जपतात, खरा घोळ परत लावताना बोल्टात होतो.

स्टीलच्या रिमचे आणि अलॉयचे बोल्ट एकच असतील असं धरू नका. पाहायच्या गोष्टी दोन, बूड (रिमला टेकणारा भाग) आणि लांबी. फोक्सवॅगन, आउडीच्या कंपनीच्या रिमना गोल बुडाचे बोल्ट लागतात. बाजारातल्या बहुतेक अलॉयना ६० अंशांच्या शंकूचे. होंडाच्या कंपनीच्या रिमना गोल बुडाचे नट. गोल खाचेत शंकू कसला की तो कडेच्या बारीक रेषेवर टेकतो. पाना घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण शे-दोनशे किलोमीटरवर नट सैल. लांबीचं असं, की बोल्ट हाताने फिरवताना फेरे मोजा. १२ × १.५ (जाडी × आट्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये) च्या बोल्टला किमान साडेसहा फेरे, १४ × १.५ ला साडेसात. कमी भरले तर बोल्ट आखूड. जास्तच लांब असेल तर आत ब्रेकच्या भागांना घासतो. पहिलं चाक लावल्यावर ते हाताने एक फेरा फिरवून आवाज ऐका.

म्हणून उतरवलेल्या संचाचे बोल्ट त्याच संचाबरोबर, झाकणाच्या डब्यात, वर लेबल. कुलपी नटाची चावी मात्र गाडीतच राहू द्या. ती तळघरातल्या डब्यात गेली आणि रस्त्यात पंक्चर झालं तर चाक निघणार नाही. मधल्या भोकात प्लास्टिकची रिंग असेल तर तीही त्याच डब्यात. ती विसरली की चाक मध्यावर बसत नाही आणि ८०च्या पुढे स्टेअरिंग थरथरतं. बॅलन्सिंगवर पैसे जातात, दोष रिंगचा असतो.

लावण्याआधी हबचा, म्हणजे गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्याचा, चेहरा तारेच्या ब्रशने साफ करा. गंजाचा पापुद्रा मध्ये राहिला तर आज कसलेला बोल्ट उद्या तो चिरडल्यावर सैल पडतो. हबच्या मधल्या उंचवट्याला सिरॅमिक पेस्टचा अगदी पातळ हात द्या, म्हणजे अलॉय तिथे चिकटून बसत नाही. बोल्टच्या आट्यांना आणि बुडाला ग्रीस नको. ग्रीस लागलं की तोच टॉर्क (कसण्याचा पिळाचा जोर) बोल्टला जास्त ओढतो आणि आटे ताणले जातात.

टॉर्क गाडीच्या पुस्तकात बघा. अंदाज यावा म्हणून : फोक्सवॅगन गोल्फ १२० न्यूटन-मीटर, १४ मिलिमीटरच्या बोल्टच्या बीएमडब्ल्यू १४०, टोयोटाच्या बऱ्याच गाड्या १०३, होंडा १०८. क्रम चांदणीसारखा, समोरासमोर. आधी हाताने, मग गाडी हवेत असताना हलका पाना, चाक जमिनीला टेकल्यावर शेवटचा टॉर्क. ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. पायाने पान्यावर उभं राहून कसणं बंद करा, त्याने डिस्क वाकडी होते आणि पुढच्या पंक्चरला नट सुटत नाही.

घाटमाथा (पुणे)

भारतातली बाजू मांडतो. इथे हिवाळी टायर नाहीत, पण दुसरा संच असतो : थार, जिम्नी घेतल्यावर रांगडे टायर टाकतात आणि कंपनीचे विकायला किंवा पुढे परत लावायला ठेवतात. ते सहा महिन्यांसाठी ठेवलेले कधी कधी तीन वर्षं राहतात. तेव्हा वरचे नियम आपल्याला जास्तच लागू.

गच्ची आणि पत्र्याखालचा माळा ही सगळ्यात वाईट जागा. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली हात लावणं अवघड होतं, तिथे रबर वाळून चिरा पडणारच. फ्लॅटमध्ये सर्वांत थंड कोपरा म्हणजे बहुधा मधल्या मजल्यावरच्या आतल्या खोलीतली पलंगाखालची जागा. थारचा २५५/६५ आर १८ व्यासाला ७९ सेंटिमीटर असतो, पण आडवा ठेवला की उंची साधारण २६, उंच पायांच्या पलंगाखाली दोन-दोन मावतात. इन्व्हर्टर-बॅटरीशेजारी नको, पाण्याच्या पंपाच्या खोलीत नको. जिन्यात तर मुळीच नको, आगीच्या वेळी तीच सुटकेची वाट असते. पार्किंगमध्ये ठेवायचं तर सोसायटीची लेखी परवानगी घ्या आणि जाड ताडपत्री टाका.

आणि ताडपत्रीचंच मुख्य सांगायचं आहे. पावसाळ्यात सुटा टायर उभा ठेवा की आडवा, पोकळीत पाणी राहतंच. डेंग्यूचा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या, सावलीतल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात, पुन्हा पाणी आलं की उबतात. म्हणजे नुसतं पाणी ओतून भागत नाही, आतली भिंत ब्रशने खरवडून धुवा. ताडपत्री सैल टाकली तर तिच्या खळग्यातही तेच. ती मधून उंच, कडेला उताराची बांधा. महापालिकेचे लोक पावसाळ्यात उघड्यावरचे टायर तपासतात, नोटीसही येते. पण नोटिशीसाठी नव्हे, शेजारच्या लेकरांसाठी एवढं कराच.

मांडवीतीर (पणजी)

समुद्रकाठी अजून एक भर : इथल्या हवेतच मीठ. उघड्यावर ठेवलेल्या स्टील रिमला एका पावसाळ्यात गंज चढतो. म्हणून पिशवीत ठेवायचा विचार होतो, पण कोकण-गोव्याच्या दमट हवेत पिशवीतच पाणी सुटलं तर?

कार्बनब्लॅक

पिशवी चांगलीच. जाड, काळी, बागकामाची मोठी पिशवी घ्या, शक्य तितकी हवा दाबून काढा आणि चिकटपट्टीने तोंड बंद करा. ओझोन, ऊन अडतं आणि रबरातली तेलं उडून जाण्याचं प्रमाण कमी होतं.

तुमची भीती रास्त आहे. पाणी बाहेरून येत नाही, आपणच आत कोंडतो. दमट हवेच्या दिवशी बांधलं तर तीच हवा रात्री गार होऊन रिमवर थेंब धरते. उपाय : पावसाळ्यापूर्वी, मे महिन्याच्या कोरड्या दुपारी बांधा. नक्षीच्या खाचा आणि बोल्टची भोकं पंख्यासमोर वाळवा. प्रत्येक पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाका, चाकाला १०० ग्रॅमच्या आसपास. स्टीलच्या रिमच्या खरचटलेल्या जागी आधी गंजरोधक प्रायमर. तेल किंवा ग्रीस चोपडू नका, ते ओघळून टायरच्या काठावर जातं आणि रबर फुगतं.

पावसाळ्यात वाळवणं जमत नसेल तर बंद पिशवीपेक्षा सुती चादरीचं झाकण बरं.

बर्फाळवाट

हवेच्या दाबाचे सेन्सर असलेल्यांसाठी थोडं. चाक स्थिर असलं की सेन्सर जवळपास झोपलेला असतो, त्यामुळे ठेवणीत बॅटरी फार संपत नाही. ती साधारण पाच ते दहा वर्षं पुरते. युरोपातले सेन्सर बहुतेक ४३३ मेगाहर्ट्झवर आणि इकडचे बरेचसे ३१५ वर चालतात, तेव्हा देश बदलताना रिमसह संच नेला तर गाडी तो ओळखेलच असं नाही. ज्या गाड्यांत सेन्सर नसून चाकाच्या वेगावरून हवा ताडली जाते, तिथे संच बदलल्यावर हवा बरोबर भरून मेनूतून नव्याने नोंद करावी लागते. ती विसरली की दिवा लागतो आणि पंक्चरचा शोध सुरू होतो.

केलर_नंबर_सात

ठेवलेल्या टायरचं वय कसं धरायचं? सहा महिनेच वापर होतो, म्हणजे वर्ष अर्धंच मोजायचं का?

तेराचा_पाना

नाही. रबराचं वय पडून असतानाही वाढतं, नीट ठेवलं तर सावकाश, एवढंच. टायरच्या भिंतीवर ‘DOT’ (डीओटी) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. ३५२१ म्हणजे २०२१ चा ३५वा आठवडा. पुष्कळदा हा पूर्ण आकडा एकाच बाजूला असतो, तो आतल्या बाजूला आला तर चाक उतरवलेलं असतानाच नोंदवा, चिठ्ठीवर लिहा. पाच वर्षांनंतर दर वर्षी जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असो, काढून टाकावा, असं बहुतेक कंपन्या सांगतात. हिवाळी टायर तर त्याआधीच कडक होतो. नख रोवून पाहा, नव्या टायरच्या तुलनेत फरक हाताला कळतो.

हा नियम स्टेपनीलाही लागतो. डिकीत दहा वर्षं न वापरलेली स्टेपनी नवीकोरी दिसते, पण तिच्यावर लांब जाऊ नये. आणि कंपनीचे टायर विकायला ठेवलेल्यांनी ते लवकर विकावेत. दोन वर्षांनी गिऱ्हाईक आधी तेच चार आकडे वाचतं.

इझारकाठ

परत लावताना आणखी एक. ज्या जोडीची नक्षी जास्त खोल ती मागच्या अ‍ॅक्सलला, गाडी पुढच्या चाकांनी चालत असली तरी. ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी घसरली तर गाडी गरकन फिरते, सावरणं कठीण. पुढची घसरली तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी केला की पकड परत येते. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर डावी चाकं डावीकडेच राहिली पाहिजेत, फक्त पुढे-मागे होऊ शकतात. म्हणून खडूची खूण. पूर्वी पुढे असलेली चाकं जास्त झिजलेली असतात, चिठ्ठीवरचे आकडे पाहून ती पुढेच ठेवायची की नवी जोडी घ्यायची ते ठरवता येतं.

घाटमाथा

मुलं असलेल्या घरांसाठी : रास भिंतीला टेकवा आणि एक रॅचेटचा पट्टा भिंतीतल्या हुकाला अडकवून सगळीभोवती आवळा. वीस-पंचवीस किलोचं चाक खेळणाऱ्या पोराच्या पायावर पडलं तर हाड मोडतं. उभ्या ठेवलेल्या टायरना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर.

मांडवीतीर

सगळ्यांचे आभार, पिशव्या मेमध्येच बांधेन. शेवटचा प्रश्न : दोन महिने ठेवलेला संच लावल्यावर पहिल्या काही किलोमीटरला गाडी धडधडते, तो बिघाड समजायचा का?

तेराचा_पाना

उभा ठेवलेला असेल तर खालची बाजू थोडी चपटते. टायर गरम झाला की १०-१५ किलोमीटरमध्ये तो गोल होतो आणि धडधड जाते. तोपर्यंत वेग ६०च्या आत ठेवा. तीस किलोमीटरनंतरही तशीच असेल तर हा क्रम धरा : आधी हवा, मग बोल्टचा टॉर्क, मग मधली रिंग बसली आहे का, मग रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल किंवा धुताना निघालेलं चिकट वजन. चारही ठीक असतील तरच बॅलन्सिंगला न्या. वजन निघालं असेल तर जिथे ते होतं तिथे चिकटपट्टीचा चौकोनी स्वच्छ ठसा दिसतो, तो फोटो काढून ठेवा, म्हणजे बॅलन्सिंगवाल्याला सुरुवातीची जागा मिळते.